दुरुस्ती

मी बातमीदार नाही.
माझं टायपिंग इन्स्टिट्यूट होतं साकोलीत,
खताच्या दुकानावरच्या माडीवर.
आता पाटी उरली आहे, चार स्टुलं,
आणि एक रेमिंग्टन. तिचा 'च' अडकतो.

दर दुसऱ्या शनिवारी, चारची बस गेली की
ते जिना चढतात. चौघं, कधी सहा.
होमराज कापगते लाखनीहून, गाडीला पेपरची रिकामी पिशवी,
सुषमा टेंभुर्णे, सकाळची शाळा आटोपून,
रज्जाकभाई, ज्यांना बातमीपेक्षा
जाहिरातीचं कमिशन जास्त मिळतं
आणि जे हे स्वतःच सांगतात, हसून.
प्रल्हाद गहाणे सगळ्यांत उशिरा येतो,
सगळ्यांत आधी भांडतो.

मोबाइल पोह्यांच्या डब्यात. वर झाकण.
मग एकानं वाचायचं, मोठ्यानं.
बाकीच्यांनी कागदाकडे बघायचं नाही;
डोळा माफ करतो, कान करत नाही,
असं सुषमा म्हणते.

'विदारक'ला इथे बंदी आहे.
'डोळ्यांच्या कडा पाणावल्या' लिहिणाऱ्यानं चहा पाजायचा.
'निसर्गाच्या कुशीत वसलेलं' असेल तर भजीसुद्धा.
या दंडावर आमची दोन वर्षं निघाली.

एकदा होमराजनं दसरू वलके वाचला.
तलावाचं तुडूम उघडणारा म्हातारा:
छातीभर पाण्यात उतरतो, श्वास धरतो,
बुडी मारून लाकडी डाट उपसतो,
आणि खाली तीन गावांच्या धानाला पाणी सुटतं.
'बाहेर येतो तेव्हा डोळे लाल असतात.'
ही ओळ दंडातून थोडक्यात वाचली.
सगळे गप्प. म्हणजे चांगलं होतं.
रज्जाकभाईंनी विचारलं, "डाट कशाचा?"
"लाकडाचा. लिहिलंय ना."
"कोणत्या लाकडाचा?"

होमराज तसाच उठला. उन्हात बावीस किलोमीटर गेला,
आणि पुढच्या शनिवारी एक शब्द घेऊन आला:
येन.
पाण्यात जितका राहील तितका घट्ट होतो, म्हणाला.
त्या दिवशी दुसरं काही वाचलंच नाही.

लेख रविवारच्या पुरवणीत आला, सहाव्या पानावर.
शेवटचा परिच्छेद सराफाच्या जाहिरातीनं खाल्ला.
"जाहिरात माझीच," रज्जाकभाई म्हणाले,
आणि पहिल्यांदाच हसले नाहीत.
येन मात्र राहिला होता.

मग पौषात, एका दुसऱ्या शनिवारी,
जिन्यावर अनोळखी काठी वाजली.
दसरू वलके. प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी केलेलं कात्रण.
जिथे पोरी 'कमल नमन' बडवायच्या
त्या स्टुलावर बसला.
"नातवानं वाचला. तुमी वाचा."
होमराजनं वाचलं. आवाज कोरडा पडला.
म्हातारा डोळे मिटून ऐकत होता,
पाळीतून पाणी झिरपतं का, ते ऐकावं तसा.

"तीन गावं नाही जी. चार.
चवथा आमचा टोला. कागदावर नाही तो,
पन पानी घेते.
अन् मी रडलो नव्हतो.
डोळ्यात तलावाचा पानी होता."

"रडला असं नाही लिहिलं," होमराज म्हणाला.
"वाचनाऱ्याले तसाच वाटते."

वाक्याला वाक्यानं मारणारा प्रल्हाद
खिडकीतून खताची पोती मोजत राहिला.
सुषमानं चहाची किटली
न बोलता होमराजपुढे सरकवली.

संपादकांना फोन झाला.
दुरुस्ती बातमीला असते, ते म्हणाले,
फीचरला नसते.

तेव्हा मी रेमिंग्टनवरचं फडकं काढलं.
दोनच ओळी, खाली तारीख.
'चार'चा 'च' तीनदा मारावा लागला,
कागदाला आरपार भोक पडलं.
म्हाताऱ्यानं कागद उजेडाला धरला,
भोकातून आधी आमच्याकडे पाहिलं,
मग घडी घातली, त्याच पिशवीत ठेवला,
आणि विचारलं,
लाखनीकडची शेवटची गाडी किती वाजता.